भिंतीवरचा व्रण: पाच शनिवार झाले

८ नोव्हेंबर, शनिवार

दिवाळी उरकली, पाऊस एकदाचा गेला, म्हणून आईंच्या (म्हणजे सासूबाईंच्या) खोलीला हात घातला. आमची कोथरूडमधली इमारत १९८४ची. विटांवर वाळू-सिमेंटचं प्लास्टर, त्यावर नीरूचा (मुरवलेल्या चुन्याचा) गुळगुळीत हात. दाराच्या कोपऱ्यातली एक खपली काढून कडेने थर मोजले: चुना, हिरवट डिस्टेंपर, पिवळट डिस्टेंपर, क्रीम इमल्शन आणि सध्याचा फिका निळा. वहीच्या पुठ्ठ्याएवढी जाड खपली झाली होती ती.

दुखणी तीन. पहिलं म्हणजे पलंगामागच्या भिंतीवर बोर्डापासून एसीपर्यंत उभा गेलेला पट्टा. पाच वर्षांपूर्वी वायर टाकायला झिरी मारली, ती पीओपीने बुजवली आणि वरून उरलेला रंग फासला. ऑपरेशनच्या टाक्यांसारखा दिसतो. दुसरं, खिडकीखाली फुगलेला रंग आणि पांढरा खार. तिसरं, दारालगतच्या भिंतीवर खालच्या तीन फुटांत सुटणारे पापुद्रे.

आधी फक्त तपासणी. दिवे घालवले आणि आईंच्या उशाशी असते ती टॉर्च घेऊन भिंतीला चिकटवून आडवी धरली. समोरून बघताना जे कधी जाणवलं नव्हतं ते सगळं सावली टाकून उभं राहिलं! पेन्सिलने गोल करत गेले. पस्तिसाव्या गोलानंतर मोजणं सोडलं. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहिलं. चांगल्या प्लास्टरचा आवाज टणक येतो, सुटलेल्याचा बद्द. झिरीचा जवळजवळ अर्धा भाग बद्द वाजला. खिडकीखाली दीड फुटाचा पॉलिथीनचा चौकोन चारही बाजूंनी टेपने चिकटवून ठेवला.

आई दारातून बघत होत्या. म्हणाल्या, "रंगारी बोलावला असता तर दोन दिवसांत झालं असतं."
"आणि दोन वर्षांत परत, आई."
"मग तुझं किती दिवसांत होणार?"
यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

९ नोव्हेंबर, रविवार

पॉलिथीनच्या आतल्या बाजूला, भिंतीकडून, पाण्याचे थेंब. म्हणजे ओल भिंतीतच आहे. खोलीतली दमट हवा असती तर थेंब प्लास्टिकच्या बाहेरच्या अंगाला धरले असते. चोर अर्ध्या तासात सापडला. ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीच्या ट्रॅकमध्ये पाणी बाहेर जायला बारीक भोकं असतात, ती चिखलाने पूर्ण बुजलेली. पावसात ट्रॅक भरायचा आणि पाणी आत उतरायचं. दाभण आणि जुन्या टूथब्रशने भोकं मोकळी केली, ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओतून ते बाहेर पडतंय याची खात्री केली, चौकटीच्या बाहेरच्या फटीत सिलिकॉन भरलं. खार कोरड्या ब्रशनेच झाडला. ओल्या फडक्याने पुसला की तो विरघळून पुन्हा भिंतीत मुरतो. फुगलेलं सगळं प्लास्टरपर्यंत खरवडलं आणि तो भाग उघडाच ठेवला. आता तो वाळेल तेव्हा वाळेल.

१५ नोव्हेंबर

आज झिरी. एमसीबी (वीज तोडणारा स्विच) पाडला, टेस्टरने तपासलं, मग छिन्नी. पीओपी इतक्या सहज निघेल असं वाटलं नव्हतं, काही ठिकाणी तर पत्र्याने (पुट्टी ओढायच्या पातळ पात्याने) उकरूनच बाहेर आलं. आतला पीव्हीसी पाइप भिंतीच्या पातळीच्या जेमतेम चार मिलिमीटर आत आहे. त्यामुळे खोल छिन्नी मारायची नाही हे स्वतःला दर दोन मिनिटांनी बजावत होते.

हे पीओपी का सुटलं, याचं माझं उत्तर असं. झिरीच्या कडा ओल्या न करता, धूळही न झाडता ते भरलेलं होतं, म्हणून ते धरलंच नाही. वर चोपडली व्हाइट सिमेंटची पुट्टी. पीओपी म्हणजे जिप्सम. जिप्सम आणि सिमेंट यांच्यात ओल राहिली की एट्रिंगाइट नावाचे स्फटिक तयार होतात आणि ते फुगतात. पीओपीला मी नावं ठेवत नाही, कोरड्या छताला ते उत्तमच. पण सिमेंटच्या भिंतीत सिमेंटचंच भरावं.

१६ नोव्हेंबर

सकाळी रविवार पेठेत, बोहरी आळीत. चार, आठ आणि बारा इंची पत्रे, जाळीची टेप, वॉटरपेपर (पाण्यात भिजवून घासायचा पॉलिशपेपर). चार फुटी ॲल्युमिनियमची पट्टी स्कूटरवरून आणणं ही वेगळीच कसरत. सिग्नलला एका काकांनी विचारलं, "पडदे का?"

झिरी ब्रशने झाडली, स्प्रेने पाणी मारलं, कडांना बाँडिंगचं लिक्विड लावलं. एकास चार माल (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू), वाळू चाळणीतून काढलेली. दोन थरांत भरलं आणि मुद्दाम दोन मिलिमीटर खाली ठेवलं, कारण वर टेप आणि पुट्टी यायची आहे. पुढचे चार दिवस ऑफिसला जाताना आणि आल्यावर पाण्याचा फवारा. आई दुपारचा फवारा स्वतःहून मारत होत्या, हे मला तिसऱ्या दिवशी कळलं.

२२ नोव्हेंबर

माल वाळला, केसासारखी एक चीर सोडली तर ठीक. कडांवर जाळीची टेप.

भिंतीचा उरलेला भाग ओल्या फडक्याने चोळला तर काही ठिकाणी हात पांढरा झाला. खालचं डिस्टेंपर भुकटी धरतंय आणि त्याखाली नीरू, म्हणजे धरायला काहीच नाही. याच्यावर पुट्टी ओढली की ती भुकटीला चिकटते, भिंतीला नाही. स्पंज ओला करून, पाच मिनिटं मुरू देऊन, पत्र्याने खरवडत गेले. पूर्ण दिवस याच्यातच गेला, फोटो काढण्यासारखं काही झालं नाही. संध्याकाळी मोकळ्या भागांना प्रायमर.

दारालगतच्या भिंतीचं कोडंही सुटलं. पापुद्र्यांखाली तीन फुटांपर्यंत हिरवा, चकचकीत ऑइलपेंटचा पट्टा निघाला. आई म्हणाल्या, "अगं, मुलं लहान होती ना, हात पुसायची भिंतीला!" त्या चकाकीवर न घासता इमल्शन मारलं होतं, ते दुधावरच्या सायीसारखं निघालं. इथे एक सावधगिरी. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा १ नोव्हेंबर २०१७पासून आली. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासून धूळ उडवायची नाही. वॉटरपेपर, बादली, मास्क, आणि आईंची रवानगी नणंदेकडे. चकाकी मोडेपर्यंतच घासलं, मग प्रायमर. खालचा चिखल कागदात गोळा करून पिशवीत बांधला.

२९ नोव्हेंबर

पुट्टी. जुने रंगारी अजून 'लांबी'च म्हणतात. माझ्या पिशवीवरचं प्रमाण किलोला साधारण पावणेचारशे मिली पाणी. उत्साहात एकदम दोन किलो कालवली, अर्धी हातात घट्ट झाली. घट्ट झालेल्या पुट्टीत परत पाणी घालून चालवून घेण्याचा मोह होतो. मी घातलं आणि तो तुकडा दुसऱ्या दिवशी नखाने निघाला. आता अर्ध्या किलोच्या वर कालवत नाही.

खरी गंमत पट्टी लावल्यावर कळली. चार फुटी पट्टी झिरीवर आडवी धरली तर टेपवर उंचवटा जेमतेम दीड मिलिमीटर. एवढासा, पण आठ इंचांत उतरवला की टॉर्चमध्ये डोंगर दिसतो. तोच उतार दोन्हीकडे दीड-दीड फूट पसरवला की सावली पडत नाही. जुन्या माणसाने झिरीपुरतीच पुट्टी लावून वर पुन्हा पुन्हा थर चढवले होते. मी बारा इंची पत्र्याने बाहेरच्या बाजूला ताणत गेले, दोन पातळ हात, मिळून दीड मिलिमीटरच्या आत. मग १८० आणि नंतर ३२०चा पेपर, ठोकळ्याला गुंडाळून. नुसत्या बोटांनी घासलं की बोटांच्या खाचा पडतात. घासताना पंखा चालू राहिला होता. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

६ डिसेंबर

खिडकीखाली दुसऱ्यांदा लावलेलं पॉलिथीन दोन दिवसांनी कोरडं ठाक. तिथेही पुट्टी झाली.

पलंगामागच्या भिंतीवर आधी शहाणपणा केला: दुरुस्तीच्या जागांना प्रायमर आणि जुन्या डब्यातल्या निळ्याचे दोन हात. वाळल्यावर नकाशा! डब्यातला रंग ताजा, भिंतीवरचा पाच वर्षं विटलेला, शिवाय मी ब्रशने मारला आणि आधीचा रोलरचा. मग अख्ख्या भिंतीला प्रायमर आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रोलर. डिसेंबरची हवा इतकी कोरडी की ओली कड बघता बघता वाळते आणि पट्टे दिसतात. पंखा बंद, खिडकी अर्धी लोटलेली, आणि मधे चहाला थांबायचं नाही. दुसऱ्या हाताला जमलं.

बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात अजून एक बारीक चीर आहे. दारालगतच्या भिंतीचा शेवटचा हात बाकी आहे. खिडकीचा निकाल जूनमध्ये.

काल रात्री अकरा वाजता पाणी प्यायला उठले तर आईंच्या दाराखालून उजेड हलताना दिसला. आत गेले. टॉर्च भिंतीला टेकवून, चष्मा लावून, त्या उभ्या होत्या.

"अगं, बरं झालं आलीस. पेन्सिल कुठे ठेवलीस? इथे एक राहिलाय."