तुम्ही विचारलंत म्हणून: पुढचा पिक्चर कधी?

वडशाच्या स्टॅण्डवर चहाला थांबलो की कोणी ना कोणी विचारतेच, "भाऊ, तो मिलिटरीचा पिक्चर केला, आता पुढचा कधी?" सीझनमध्ये तर रोज. दिवाळीपासून होळीपर्यंत आमची झाडीपट्टीची, म्हणजे इकडच्या पूर्व विदर्भातली नाटकं, रात्री पडदा उघडला की पहाटेपर्यंत, अन मेकअप करता करता हाच प्रश्न. इतके दिवस "बोलणं चालू आहे" म्हणत आलो. काही चालू नाही बाप्पा.

रोल हवालदाराचा होता, इंटरव्हलच्या आधी मरणारा. त्याचं मला काही नाही, युद्धाच्या पिक्चरमध्ये आमच्यासारख्याला मरायसाठीच घेतात. पण मेहनत केली होती. एक रिटायर्ड सुभेदार साहेब होते शिकवायला, चार दिवस नुसता सॅल्यूट घोटून घेतला. आर्मीचा म्हणजे पंजा पूर्ण समोर, नेव्हीचा तळवा जमिनीकडे, एअरफोर्सचा २००६ पासून मधलाच, ४५ अंशात. अन डोक्यावर टोपी नसली तर हात उचलायचाच नाही. मी वीस वर्षं नाटकात उघड्या डोक्यानं कडक सॅल्यूट ठोकून टाळ्या घेतलेल्या, साहेबांना सांगायची हिंमत झाली नाही.

हवालदार मराठी होता म्हणूनच मला घेतलं. शूटिंगच्या जागी पायलट, म्हणजे कामापुरता आवाज घेतात, डबिंग मागून असते. मला डबिंगला बोलावलंच नाही. फोन केला तर असिस्टंट म्हणे, "हो जायेगा भाई." मी समजलो पायलटच चांगला आला असेल. आमचं पोट आवाजावर आहे, आवाजाला कोण नाव ठेवते.

रिलीजला दोन गाड्या करून नागपूरला गेलो. माय, काकाजी, कंपनीतला पेटीवाला, गल्लीतली पोरं. माझी एंट्री झाली, पोरांनी शिट्ट्या मारल्या, मी पडद्यावर तोंड उघडलं अन आतून दुसराच माणूस बोलला. पातळ, नाकातला आवाज, मराठी माणसाची हिंदी म्हणून पिक्चरवाले दाखवतात तशी, "हम तुमको बोला ना". ओठ माझे, मिशी माझी. शिट्ट्या जागच्या जागी थांबल्या. माय कानाशी आली, "गरा बसला होता का गा तुझा?" म्हटलं हो, थंडी लय होती तिकडे. पुढचे सगळे सीन मी मायच्या हातातल्या पॉपकॉर्नच्या पुड्याकडे पाहत काढले, अन मेलो तेव्हा खरंच बरं वाटलं. पेटीवाल्याला मात्र समजलं होतं, सुरात बसणारा माणूस तो. उमरेड गेलं, भिवापूर गेलं, नागभीड आलं, एक शब्द बोलला नाही.

मग कळलं, माझी हिंदी "मराठी वाटत नाही" म्हणे. अरे १९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होती, आमच्याकडे हिंदी काय शिकवावी लागते? म्हणजे खराब बोललो असतो तर आवाज राहिला असता! हे मी कितीदा मनातल्या मनात त्या लोकांना ऐकवलं असेल. पण सही केली त्या कागदावर लिहिलं होतं की आवाज दुसऱ्याचा वापरता येईल. वाचलं नव्हतं. वाचलं असतं तरी केलीच असती.

पिक्चरची लाईन सोडून परत काहून आला, हा लोकांचा दुसरा प्रश्न. कोणाला सांगतो अपमान झाला म्हणून, कोणाला सांगतो सीझन लागला होता. दोन्ही खोटं नाही. नंतर दोन ऑडिशन दिल्या, तोंड उघडलं की आधी तो नाकातला आवाज ऐकू यायचा. २०२३ ला आपल्या झाडीपट्टीचे नट परशुराम खुणेंना पद्मश्री भेटली तेव्हापासून लोक म्हणतात बरं केलं आला, पण मी काही तो हिशोब करून आलो नव्हतो. अन पोस्टरवर माझ्या नावाखाली "हिंदी चित्रपट फेम" असते ना, ते मीच छापायला लावतो, नाईटचे पैसे वाढतात.

मागच्या सीझनला फौजीचाच रोल होता. डायरेक्टर म्हणे टोपी काढ, तोंड दिसत नाही. टोपी काढली, पण सॅल्यूट केला नाही, त्यावरून विंगेत भांडण. तेवढ्यात समोरून पोरं ओरडली, पिक्चरमधला डायलॉग म्हणा. म्हटला, माझ्या आवाजात, शेवटच्या रांगेपर्यंत. "असा नाही भाऊ, पिक्चरसारखा!"

मग नाकातून म्हटला. वन्समोअर आला.