बिनकवचाचं अंडं: व्हिनेगर, पाक, पाणी

बहुतेक जण हा प्रयोग कवच विरघळलं की थांबवतात. आमच्या मते खरा प्रयोग तिथून पुढे आहे, व्हिनेगर ही नुसती तयारी. म्हणून ही नोंद वजनासकट. एक ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो.

सुरुवात: कच्चं, बिनतड्याचं अंडं, वजन ५५ ग्रॅम. काचेच्या बरणीत २०० मिली पांढरं व्हिनेगर (आम्ल ४ टक्के). लगेच अंगभर बुडबुडे. झाकण सैलच ठेवायचं: कवचातल्या पाच ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटमधून सव्वा लिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो, घट्ट झाकण धोक्याचं. बुडबुडे चिकटून अंडं वर येतं आणि वरचा भाग कोरडा राहतो, तिथलं कवच तसंच उरतं. वर छोटी वाटी ठेवून दाबा.

१२ तास: फेस मंदावला. तेवढं कवच विरघळायला कागदोपत्री १५० मिली व्हिनेगर पुरतं, पण आम्ल संपत आलं की वेग फार पडतो. जुनं ओतून नवं २०० मिली घाला. तपकिरी अंड्याचा रंग मळासारखा सुटतो, कारण तो मुख्यतः कवचाच्या बाहेरच्या थरात असतो. लिंबाचा रस वापरू नका. त्यात तयार होणारं कॅल्शियम सायट्रेट पाण्यात फारसं विरघळत नाही, पांढरा थर धरून बसतं.

३६ ते ४८ तास: नळाच्या बारीक धारेखाली अंगठ्याच्या पेराने हलकं चोळा. नखाने खरवडलं की कवचाखालचा पापुद्रा फाटलाच! उरलेलं कवच निघत नसेल तर परत व्हिनेगरात, ओढाताण नको. आता टॉर्च लावून बघा, बलक तरंगताना दिसतो. वजन ७० च्या पुढे. कवच गेलं तरी वजन वाढलं कसं, हे मुलांनाच विचारा; उत्तर पुढच्या टप्प्यात मिळतं.

पाक: १०० मिली पाण्यात २०० ग्रॅम साखर गरम करून विरघळवा आणि पूर्ण गार करा. गरम पाकात टाकायची घाई नको, साठ अंशांच्या वर पांढरं गोठू लागतं. अंडं यात तरंगतं, वाटी पुन्हा लागेल. २४ तासांत ते पिचकतं, वजन ५० च्या खाली येतं आणि अंड्याभोवतीचा पाक पातळ झालेला दिसतो. पापुद्र्यातून पाणी सहज बाहेर पडलं, साखर मात्र जवळजवळ आत शिरली नाही. हेच परासरण: पातळ बाजूचं पाणी पापुद्र्यातून दाट बाजूकडे जातं. व्हिनेगरात ते उलट आत शिरलं होतं, म्हणून वजन वाढलं. पाक पातळ केलात तर फरक डोळ्यांना कळतच नाही.

पाणी: पाक धुऊन साध्या पाण्यात २४ तास. अंडं पुन्हा टम्म, पापुद्रा ताणलेला. परातीत ठेवून टाचणी टोचा, आतून बारीक चिळकांडी उडते. चेहरे लांब ठेवा, नंतर हात आणि परात साबणाने धुवा. अंडं कच्चं आहे, खायचं नाही.