बावचीचं तेल आणि दुपारचं ऊन

"नैसर्गिक आहे गं, त्याला कसला आलाय साइड इफेक्ट?" मावशी म्हणाली, आणि इकडे तिच्या लेकीच्या मनगटावरच्या कोडाच्या पांढऱ्या डागावर टरटरून फोड आलेला. बावचीचं तेल लावून भर दुपारी उन्हात बसवलं होतं पोरीला.

अगं बावचीच्या झाडात सोरालेन नावाचं द्रव्य असतं, ऊन लागलं की ते काम करतं आणि जास्त झालं की भाजतं. १९४० च्या दशकात इजिप्तमध्ये एल मोफ्ती नावाच्या डॉक्टरांनी नाईलकाठच्या अशाच एका वनस्पतीतलं द्रव्य कोडाच्या पेशंटवर तपासलं, त्याच वाटेने पुढे मोजून औषध आणि मोजून अतिनील किरण देणारी पुवा ट्रीटमेंट आली. म्हणजे झाडात दम आहेच, पण घरी डोस कोण मोजणार?

राग मला मावशीचा नाही आला, 'लग्नाआधी डाग गेला पाहिजे' म्हणणाऱ्यांचा आला. कोड शिवल्याने होत नाही, मग एवढी घाई नक्की कुणाला झालीय?