पोटॅशियम २.३

रक्तातलं पोटॅशियम २.३, म्हणजे फारच कमी, आलं की आधी संशय नमुन्यावर घ्यायचा, रुग्णावर नंतर. बायोकेमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेत चुकून जास्त आलेलं पोटॅशियम रोजचंच आहे. रक्त जोरात ओढलं, तांबड्या पेशी फुटल्या, सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) गुलाबी झालं की आकडा चढतो. कोणी जांभळ्या झाकणाच्या नळीतलं रक्त दुसऱ्या नळीत ओतलं तर त्यातल्या ईडीटीए या रक्त न गोठू देणाऱ्या रसायनामुळे पोटॅशियम वर आणि कॅल्शियम तळाला. (ओतणारे असतात. विचारलं की कोणीच ओतलेलं नसतं.) चुकून कमी येण्याची कारणं मात्र मोजकी. सलाईन चालू असलेल्या हातातून रक्त घेतलं तर येतं, पण मग क्लोराइड वाढलेलं आणि प्रथिनं घटलेली दिसतात. इथे क्लोराइडच कमी होतं, प्रथिनं जागेवर, सीरम स्वच्छ. जुनी नोंद काढली तर वर्षभरापूर्वीचं पोटॅशियम ४.२. नमुना पुन्हा लावला. पुन्हा २.३.

असा आकडा रिपोर्ट छापून होईपर्यंत थांबवत नाहीत, कारण इतक्या कमी पोटॅशियमला हृदयाची लय बिघडू शकते. फोन केला. डॉक्टरांनी रुग्णाला लगेच दाखल करून घेतलं आणि पाठोपाठ ब्लड गॅसचा, म्हणजे रक्तातलं आम्ल-अल्क मोजायचा, नमुना आला: पीएच ७.५२ (आकडा जितका जास्त तितकं आम्ल कमी), आणि आम्ल शमवणारं बायकार्बोनेट ३९, तेही जास्तच. रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ मध्ये असावा लागतो. म्हणजे रक्त चांगलंच अल्कधर्मी झालेलं. पोटॅशियम घटवणाऱ्या उलट्या नाहीत, जुलाब नाहीत. पन्नाशीतले गृहस्थ, पायात गोळे येतात, जिना चढताना मांड्या साथ देत नाहीत आणि रक्तदाब नव्यानेच १७० च्या पुढे. तपासणीच्या फॉर्मवर ‘चालू औषधे’ या रकान्यात ‘काही नाही’.

पोटॅशियम कमी आणि रक्तदाब जास्त, ही जोडी दिसली की डॉक्टर रेनिन आणि अल्डोस्टेरॉन, म्हणजे अंगातलं मीठ आणि रक्तदाब सांभाळणारी रसायनं, तपासायला मागवतात. रेनिनच्या नमुन्यावरून मी आजवर किती वाद घातले असतील! महागडी तपासणी म्हटली की ती बर्फातच पाठवायची, असं लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय. गारव्यात प्रोरेनिनचं, म्हणजे रेनिनच्या निष्क्रिय रूपाचं, रेनिन होतं आणि आकडा खोटाच वाढतो. प्लाझ्मा वेगळा होईपर्यंत नमुना खोलीच्या तापमानालाच ठेवायचा, मग झटकन गोठवायचा. सूचना भिंतीवर लावलेली आहे. पहिला नमुना बर्फातच आला, मी परत पाठवला, वॉर्डातून बोलणी खाल्ली.

दुसरा नमुना नीट आला आणि निकालात रेनिन कमी, अल्डोस्टेरॉनही कमी. अल्डोस्टेरॉन वाढलेलं असतं तर ते बनवणारा ट्यूमर शोधायची वाट होती. दोन्ही कमी म्हणजे अल्डोस्टेरॉनचं काम भलतंच कोणीतरी करतंय. डॉक्टर हुशार. त्यांनी औषधं विचारलीच नाहीत; सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत पोटात काय काय जातं ते सांगा म्हणाले.

गृहस्थांना छातीत जळजळ व्हायची. गोळ्यांची भीती, म्हणून नैसर्गिक उपाय: ज्येष्ठमधाची पूड दिवसातून तीनदा, चमचा भरून, कित्येक महिने. शिवाय शरीरातलं आम्ल मारायला खाण्याचा सोडा पाण्यातून. एका चमचा सोड्यात सव्वा ग्रॅमच्या आसपास सोडियम असतं. हे फॉर्मवर का लिहिलं नाही, तर विचारलं होतं औषधांबद्दल. त्यांच्या जागी मीही तेच लिहिलं असतं. रकाना बनवणाऱ्याची अक्कल तेवढीच.

ज्येष्ठमधातलं ग्लिसिरायझिन मूत्रपिंडातलं एक एन्झाइम अडवतं. ते एन्झाइम एरवी कॉर्टिसॉल या हार्मोनला निष्प्रभ करतं. ते अडलं की कॉर्टिसॉल अल्डोस्टेरॉनच्या जागी जाऊन बसतं. मीठ अंगात साठतं, पोटॅशियम आणि आम्ल लघवीतून जातं. हे नवं मुळीच नाही. १९४० च्या दशकात रेव्हर्स या डच डॉक्टरने पोटाच्या अल्सरवर ज्येष्ठमध वापरला, गुण आला आणि काहींच्या अंगावर सूजही आली. पुढे त्यापासून कार्बेनॉक्सोलोन हे औषध निघालं, त्यालाही हेच दुखणं चिकटलं. ग्लिसिरायझिन काढून टाकलेला ज्येष्ठमधही मिळतो, पण यांची पूड साधी होती.

मला पीएचचा तो ७.५२ आकडा अजून सोडत नाही. जेवणाआधी जठरात पीएच दीड-दोनच्या घरात असतो आणि असायलाच हवा. प्रथिनं पचवणारं पेप्सिन त्याच्याशिवाय चालत नाही. शरीर अल्कधर्मी करा म्हणणारे जे वचन देतात ते या माणसाच्या बाबतीत शब्दशः खरं झालं होतं, आणि तो जिना चढू शकत नव्हता. बहुतेकांच्या जळजळीत आम्ल जास्त नसतंच. अन्ननलिकेच्या खालची झडप सैल पडते आणि आम्ल वर येतं. त्यावर खरोखर नैसर्गिक म्हणावेत असे उपाय आहेत: जेवण आणि झोप यांत तीन तास, पलंगाची डोक्याकडची बाजू पंधरा-वीस सेंटिमीटर उंच, डाव्या कुशीवर झोपणं, वजन उतरवणं. यात विकण्यासारखं काही नाही, म्हणून कोणी ओरडून सांगत नाही. गिळताना अडकत असेल, वजन आपोआप घटत असेल किंवा शौचास काळं होत असेल, तर घरगुती काहीच करत बसू नये, दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी.

पूड आणि सोडा बंद झाला, पोटॅशियम दिलं, आकडे हळूहळू जागेवर आले. पण जळजळ त्या पुडीनेच कमी झाली होती, असं ते ठामपणे सांगतात. पूड सुरू केली त्याच सुमारास ते रात्री लवकर जेवायलाही लागले होते. डॉक्टर म्हणतात जेवणाची वेळ, ते म्हणतात पूड, आणि रेव्हर्सचे रुग्ण आठवले की त्यांना सरळ खोटं पाडणं मला जमत नाही. उरलेली पूड घेऊन ते आमच्या खिडकीवर आले होते, यात ग्लिसिरायझिन किती ते सांगा म्हणत. ते मोजायची सोय आमच्याकडे नाही. डबी त्यांनी परत नेली.