आमची वाटचाल: मुलाखतीला बिघडलेला सर्व्हर

नाशिकला सातपूर-अंबडच्या कारखान्यांचे आणि काही पतसंस्थांचे सर्व्हर सांभाळायचं काम आमचं, आधी मी आणि भाचा दोघंच होतो, कामं वाढली तशी माणसं घ्यावी लागली आणि खरी डोकेदुखी तिथून सुरू झाली. बायोडाटात सगळ्यांचंच लिनक्स, युनिक्स, शेल स्क्रिप्टिंग. हार्ड लिंक-सॉफ्ट लिंकमधला फरक विचारा, पोरं घडाघडा सांगणार, क्लासमध्ये तेच घोकून घेतात ना.

म्हणून तोंडी प्रश्न जवळजवळ बंदच केले. आता एक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने उभा केलेला कॉम्प्युटर, मुद्दाम बिघडवून ठेवतो, रूट पासवर्ड (सगळे अधिकार देणारा) देतो आणि सांगतो, डिस्क भरलीय, ॲप्लिकेशन बंद पडलंय, बघ काय ते. गुगल करा, मॅन पेज (कमांडची माहिती) उघडा, काही हरकत नाही, आम्हाला तरी सगळे ऑप्शन कुठे पाठ असतात!

गंमत अशी की डिस्क किती भरलीय ते सांगणारी डीएफ कमांड मारली की डिस्क १०० टक्के भरलेली आणि फाईलींची जागा मोजणाऱ्या डीयूने बेरीज केली तर निम्मीसुद्धा नाही. चालू लॉग फाईल (प्रोग्रॅमच्या नोंदींची) आरएमने, म्हणजे डिलीटच्या कमांडने उडवलेली असते पण प्रोसेसने, म्हणजे चालू प्रोग्रॅमने ती उघडीच धरून ठेवलेली, म्हणजे नाव गेलं तरी जागा काही सुटत नाही. कुठली फाईल कुणी उघडलीय ते दाखवणारी एलएसओएफ लावून जो ती प्रोसेस हुडकतो तो निम्मा पास. काही जण सरळ रीबूट करतात, जागा सुटते हे खरं, पण पगाराच्या दिवशी कारखान्याचा सर्व्हर असा रीबूट करून दाखवा म्हणावं. हे सुटलं की पुढचं, जागा भरपूर आहे तरी नवीन फाईल बनत नाही, कारण बारक्या बारक्या सेशन फाईलींनी आयनोड, म्हणजे प्रत्येक फाईलमागे लागणाऱ्या नोंदी, संपवलेत.

आणि परमिशनचा एरर दिसला की होम डिरेक्टरीला सरसकट सीएचमॉड ७७७ मारणारे, म्हणजे सगळ्यांना सगळं खुलं करणारे! एवढी सैल परमिशन बघून एसएसएच (लांबून लॉगिन करायची सोय) तुमची की, म्हणजे पासवर्डऐवजीची किल्ली, घेतच नाही, म्हणजे स्वतःच बाहेर. अशांना चहा पाजून निरोप.

डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की सेंटओएस ८ या सर्व्हरवरच्या लिनक्सचा सपोर्ट २०२१ अखेर संपणार, मग सगळं आल्मालिनक्स या तशाच दुसऱ्या लिनक्सवर न्यायची धावपळ, त्यात एक बीकॉम झालेली मुलगी टेस्टला आली. तिने कशालाही हात लावायच्या आधी विचारलं, सर, याचा बॅकअप कुठाय? मी तिथेच हो म्हणून टाकलं, भाच्याला जरा नाराजच करून.

आता मशीन बिघडवायचं खातं तिच्याकडेच आहे. सध्या ती क्रॉनचं, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या सोयीचं कोडं देते, स्क्रिप्ट हाताने चालवली की चालते, क्रॉनमधून नाही, कारण तिथे पाथ, म्हणजे कमांड कुठे शोधायच्या त्या जागांची यादी, तुटपुंजा असतो, आणि क्रॉनने पाठवलेला मेल बघायचं कुणाला सुचतच नाही, एरर तर तिथेच पडलेला असतो.