लाल कोणाला करायचं

कालोत्सवातलं, म्हणजे देवळाच्या उत्सवातलं नाटक म्हणजे आमच्याकडे गोव्यात गावचीच पोरं, गावचेच मास्तर आणि रात्री जेवणं उरकून देवळाच्या सभामंडपात तालमी. त्याची हजेरी एक्सेलमध्ये माझ्याकडे असते. नुसते आकडे कोण वाचणार, म्हणून कंडिशनल फॉरमॅटिंग, होम टॅबवरचं ते बटण. एकदा अट घातली की सेल आपापला रंग घेतात, आकडा बदलला की रंगही बदलतो. ही सोय एक्सेल ९७ पासून आहे पण २००३ पर्यंत तीनच अटी लावता यायच्या, २००७ मध्ये ती मर्यादा गेली आणि कलर स्केल, डेटा बार, बाण, सिग्नलचे दिवे असलं सगळं सामान आलं. तेव्हापासून लोकांना हात आवरत नाही असं माझं मत आहे (काही ऑफिसातल्या शीट बघा, शिगम्याची रंगीबेरंगी मिरवणूक, रोमटामेळ, परवडला).

सगळ्यात लाडकं ते कलर स्केल. हिरवा-पिवळा-लाल निवडलं की सगळ्यात मोठा आकडा हिरवा, सगळ्यात लहान लाल, मधला पिवळा. हजेरी चांगली की वाईट हे ते बघतच नाही, फक्त बाकीच्यांशी तुलना करतं. समजा २० तालमी झाल्या, बहुतेक सगळे विसाच्या वीस आले, कोणी १९ ला आणि राजाचं काम करणारा १८ ला, तर राजा लालभडक! आणि सगळ्यांनीच दांड्या मारल्या, कोण ५ कोण ६ वर, तर ७ वाला हिरवागार. शीट ग्रुपवर पडली की राजाचा फोन येतोच, “म्हाका कित्याक तांबडो केला रे?” आणि त्याचं बरोबरच आहे की.

इलाज सोपा आहे. मॅनेज रूल्समध्ये जाऊन मिनिममला ‘लोएस्ट व्हॅल्यू’ असतं ते काढून ‘नंबर’ करायचं आणि शून्य टाकायचं, मिडपॉइंटला १०, मॅक्सिममला २०. मग १८ वाला हिरव्याच्या आसपासच राहतो. हवामान खातं हेच करतं ना, २४ तासांत ६४.५ मिलिमीटर पाऊस झाला की हेवी रेनफॉल, २०४.४ च्या वर एक्स्ट्रीमली हेवी, मग तो वाळपईत पडो की पणजीत. वाळपईला पाऊस जास्तच असतो म्हणून तिथला आकडा कोणी वाढवून धरत नाही.

दुसरी खोड रिकाम्या सेलची. ‘१० पेक्षा कमी असेल तर लाल’ असा साधा नियम लावला की एक्सेल कोऱ्या सेललाही शून्य समजून रंगवून टाकतं. आमचा हार्मोनियमवाला रंगीत तालमीलाच येतो, त्याचा रकाना मुद्दाम कोरा, तर तो बिचारा फुकटचा लाल. तिथे फॉर्म्युल्याचा नियम लावावा लागतो, सेल कोरा नसेल आणि १० पेक्षा कमी असेल तरच. नावासकट पूर्ण ओळ रंगवायची असेल तर कॉलमच्या अक्षराआधी डॉलरचं चिन्ह, नाहीतर रंग भलतीकडेच जातो.

हे सगळं बघून कमिटीतले म्हणाले, आता वर्गणीच्या शीटलाही रंग लाव, छान दिसेल. मी साफ नाही म्हटलं. बोटीवर नोकरी करणारा पाच हजार टाकतो आणि मळ्यातली आजी शंभर देते, पण ती शंभर रुपये पदराच्या गाठीतून काढून देते, आणि कलर स्केल तिला पहिल्या झटक्यात लाल करणार, वर ती शीट सगळा गाव बघणार! कमिटीतले दादा म्हणाले निदान काहीतरी तरी कळू दे. म्हणून तिथे एकच नियम ठेवलाय, रकमेचा सेल कोरा असेल तर फिकट पिवळा, म्हणजे त्या घरी पावतीबुक घेऊन अजून आपल्यातलंच कोणी गेलेलं नाही.