कढी फुटली

मेचा शेवटचा आठवडा. इंदूरचं ऊन सकाळी नऊलाच चटके देत होतं. मायक्रोवेव्हने स्तनातली गाठ शोधायच्या आमच्या यंत्राच्या पडद्यावर डावीकडे एक लालभडक ठिपका दिसत होता, आणि तिथे आम्ही काहीच ठेवलेलं नव्हतं. वहीत मी लिहिलं: 'डावा ठिपका, खोटा.'

टाकीत ग्लिसरीन-पाणी, भोवती १६ अँटेना. एकीने मायक्रोवेव्ह सोडायच्या, उरलेल्या १५ जणींनी ऐकायच्या, मग पुढचीची पाळी. अशा २४० नोंदींवरून संगणक आतली परमिटिव्हिटी (विद्युतक्षेत्राला पदार्थ किती दाद देतो त्याचं माप) अंदाजतो आणि ताळा बसेपर्यंत अंदाज सुधारत राहतो. सगळा खेळ पाण्याचा. गॅब्रियल आणि सहकारी संशोधकांच्या १९९६च्या तक्त्यांनुसार २.४५ गिगाहर्ट्‌झला चरबी ५च्या आसपास, स्नायू ५३च्या जवळ. नुसतं पाणी ७८.

माणसाऐवजी आम्ही जेलीचा गोळा ठेवतो. जिलेटिनच्या पाण्यात तेल घोटायचं, ते फुटू नये म्हणून भांडी घासायचं लिक्विड घालायचं. तेल जास्त तर चरबी, कमी तर ग्रंथी. उजवीकडे पाणीदार 'गाठ' बसवली होती, ती छान दिसत होती. मग ही दुसरी कुठली?

संशय अर्थात केबलवर. ती जरा वाकली तरी लहरीचा फेज, म्हणजे टप्पा, बदलतो. पुन्हा कॅलिब्रेशन केलं, वायफाय बंद केलं, पंखासुद्धा (उगाच, पण घाबरल्यावर माणूस काहीही बंद करतो). ठिपका तसाच. शेवटी सर म्हणाले, "गोळाच फिरव." पाव फेरा दिला, ठिपकाही पाव फेरा सरकला. म्हणजे अँटेना निर्दोष, घोळ माझ्या गोळ्यातच.

चहा घेऊन आलेल्या मावशींनी गोळ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, तुझी कढी फुटलीय. कडकडीत असतानाच ओतलंस ना?"

ओतलं होतं खरं. घाई होती.

सुरी घातली. वरच्या अंगाला पिवळसर तेलाचा थर, आणि ठिपक्याच्या जागी बोराएवढा काचेसारखा पारदर्शक लगदा, तेलाचा टिपूस नसलेला. परमिटिव्हिटी मोजायचा प्रोब टेकवला तर आकडा ६१. शेजारच्या जेलीत जेमतेम १५. उकाड्यात गोळा थिजायला वेळ लागला आणि तेवढ्यात तेल-पाण्याने काडीमोड घेतला होता.

दुसरी खेप मी कोमट होईपर्यंत ढवळत बसले, मावशी शेजारी उभ्या. हात भरून आला. थांबले की म्हणायच्या, "हलव गं, खाली बसेल." या वेळी डावीकडे काही उठलं नाही. उजवीकडची गाठही छानच दिसली, पण चरबीत ती दिसणारच. खऱ्या स्तनातल्या दाट ग्रंथी आणि गाठ यांच्यातला फरक २००७च्या अभ्यासात जेमतेम १० टक्क्यांवर आला होता. ते काम अजून पुढ्यात आहे.

संध्याकाळी वही उघडली. 'खोटा' खोडून 'खरा' केलं.